मूळ लेखन : खाडीकाठ

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर टाकी साफ करण्याची नोटीस लागली होती. गुरुवारी सकाळी दहा ते दुपारी तीन पाणी बंद राहील, कृपया पाणी भरून ठेवावे. एवढाच मजकूर. पण त्याखाली बारीक, सुबक अक्षरात आणखी तीन ओळी होत्या. "वरील मजकूर गेल्या वर्षीच्या नोटिशीवरून आणला आहे. मूळ लेखन : श्री. हसमुखभाई, माजी सेक्रेटरी. वेळेतील बदल प्लंबर रियाझ यांच्या सांगण्यावरून. 'कृपया' हा शब्द नवीन असून तो मी घातला."

भाईंदर पश्चिमेला राहायला येऊन मला तेव्हा दोनच महिने झाले होते. ती नोटीस मी दोनदा वाचली. या माणसाला मी ओळखत होते. चेहऱ्याने नाही, पण आदल्याच आठवड्यात याच माणसाने मला, सगळ्या जगाला वाचता येईल अशा जागी, ताकीद दिली होती.

हे जरा नीट सांगायला हवं. मी जिंतूरची. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. शाळेत पुस्तकांचं एक कपाट होतं आणि त्याची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात असायची. कॉलेजात गेल्यावर हातात मोबाइल आला आणि कळलं, की इंटरनेटवर मराठीत एक ज्ञानकोश आहे, तो कुणालाही वाचता येतो आणि कुणालाही त्यात लिहिता येतं. बी.ए.ची निम्मी तयारी मी त्याच्यावर केली. ते सगळं कुणी लिहून ठेवलं होतं, ते मला माहीत नव्हतं. पण आपण कुणाचं तरी देणं लागतो, असं मनात राहिलं होतं. लग्न होऊन इथे आल्यावर दुपारी वेळ मिळू लागला, तेव्हा ठरवलं की आपणही चार ओळी लिहायच्या.

मी 'हुरडा' हे पान लिहायला घेतलं. 'ज्वारी'च्या पानावर तीन चांगले परिच्छेद होते, ते उचलून माझ्या पानावर ठेवले. कोशातलंच कोशात, घरातली खुर्ची या खोलीतून त्या खोलीत न्यावी, तसं. दुसऱ्या दिवशी माझ्या नावाच्या पानावर निरोप होता. "आपण 'ज्वारी' या पानावरील तीन परिच्छेद 'हुरडा' या पानावर आणले आहेत. आणण्यास परवानगी आहे, न सांगता आणण्यास नाही. ज्यांनी ते लिहिले त्यांची नावे तिकडे राहिली आणि वाक्ये इकडे आली. वाक्ये पोरकी झाली. कृपया दुरुस्त करावे." खाली सही होती : नकलनवीस.

तो 'कृपया' आणि हा 'कृपया' एकाच हाताचे होते. वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, "नोटीसवाले ना? तिसरा माला, सावरडेकर अंकल. संभाल के जाना, बहोत पूछते हैं."

मी जाऊन बेल वाजवली. दार उघडणारे गृहस्थ उंच, किडकिडीत, घरातही शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावलेले. मी म्हटलं, "काका, हुरडा मी."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दुरुस्त केलंत?"

"हो."

"सारांशात लिहिलंत?"

"सारांश म्हणजे?"

त्यांनी दार पूर्ण उघडलं आणि म्हणाले, "आत या."

सारांश म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. कोशात कुठलाही बदल करून जतन करताना खाली एक छोटी चौकट असते. आपण काय केलं, ते तिथे एका ओळीत लिहायचं. दुसऱ्या पानावरून मजकूर आणला असेल तर त्या पानाचं नाव तिथे द्यायचं, म्हणजे कुणालाही मागे जाऊन मूळ लेखक शोधता येतो. बहुतेक लोक ती चौकट रिकामी सोडतात. ती रिकामी दिसली, की काकांना घरात कुणीतरी चपला घालून आल्यासारखं वाटायचं.

सावरडेकर काका सरकारी कचेरीत नक्कल विभागात होते. जुन्या कागदांच्या नकला काढून लोकांना द्यायच्या, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. एकाने नक्कल लिहायची, दुसऱ्याने शेजारी बसून ती मूळ कागदाशी ताडून बघायची, आणि मग दोघांनी सही करायची. या ताडून बघण्याला तिथे रुजवात म्हणत. काकांची त्यावर इतकी श्रद्धा, की रुजवातीशिवाय जगात काही खरं असू शकतं, हे त्यांना पटत नसे.

आणि हे कागदापुरतं असतं तर ठीक होतं. पण काका बोलतानाही सारांश देत. आज उकडतंय, असं म्हणाले की पुढे लगेच, "हे माझं. पण पाऊस लांबणार, हे रियाझचं." भाजीत मीठ कमी आहे हे मत त्यांचं, मीठ कमी असलेलं बरं हे डॉक्टरांचं. सोसायटीच्या सभेत कुणी सूचना मांडली, की ती आधी कुणी मांडली होती ते काका उभं राहून सांगत. सायकली जिन्याखाली ठेवण्याची कल्पना चेअरमननी स्वतःची म्हणून मांडली, तेव्हा काका म्हणाले, की ही दुसऱ्या मजल्यावरच्या जिज्ञाबेनची, गेल्या होळीला, गच्चीवर. जिज्ञाबेनच्या डोळ्यांत पाणी आलं. चेअरमन आठ दिवस काकांशी बोलले नाहीत.

सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सुविचार येतात. प्रत्येकाखाली काका विचारत, "मूळ कुणाचे?" शेवटी हसमुखभाई वैतागून म्हणाले, "काका, ये फॉरवर्ड है. फॉरवर्ड का कोई बाप नहीं होता." काका शांतपणे म्हणाले, "इसीलिए तो पूछता हूँ, हसमुखभाई."

गेटवर उत्तनहून मासळीवाली येते. तिने एकदा सुके बोंबील साठवायची एक युक्ती काकूंना सांगितली. काकांनी मागून विचारलं, ही तुमची की तुमच्या आईची? ती टोपली उचलत म्हणाली, "आयशीची बी न्हाय नि माजी बी न्हाय. बोंबील घेताव का नाव घेताव?"

काकू या सगळ्याला सरावलेल्या होत्या. मला चहा देताना त्या म्हणाल्या, "मला बघायला आले तेव्हा म्हणाले, मुलगी पसंत आहे. मी आत लाजले. तर पुढे म्हणतात, पसंती माझी आहे, पण स्थळ सुचवलं मावशीने."

"खरंच होतं ते," काका म्हणाले.

"खरंच होतं, म्हणूनच अजून बोलते," काकू म्हणाल्या.

मी आठवड्यातून दोन दुपारी त्यांच्याकडे जाऊ लागले. काका एका जुन्या कॉम्प्युटरवर लिहीत आणि मला शेजारी बसवून शिकवत. मला कॉलेजातही कुणी असं शेजारी बसवून शिकवलं नव्हतं. चूक झाली तर ओरडत नसत. फक्त पेन उघडून पुन्हा बंद करत.

काही दिवसांनी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. काकांच्या सारांशांत एक नाव सारखं येत होतं. "मूळ लेखन : खाडीकाठ." हे कुणाचं तरी कोशावरचं टोपणनाव होतं. या खाडीकाठने आपल्या भागातल्या मिठागरांवर फार सुंदर पान लिहिलं होतं. खाडीचं पाणी वाफ्यांत कसं घेतात, मीठ कसं ओढतात, सगळं. काका त्या पानावरची वाक्यं उचलत आणि दुसऱ्या पानांवर नेऊन ठेवत. 'मीठ', 'खाडी', 'भाईंदर' इथपर्यंत मला समजलं. मग ती 'ऊन' या पानावर दिसली. मग 'लोणचे' या पानावर. कोशाची देखरेख करणाऱ्या एका प्रचालकाने काकांना नम्रपणे लिहिलं, की नकलनवीसजी, लोणच्याला एवढ्या मिठाची गरज आहे का. जो माणूस दुसऱ्याचा एक शब्द जागचा हलला तर ताकीद देतो, तो स्वतःच ही वाक्यं गावभर का फिरवतोय, ते मला कळेना. मी विचारलं.

काकांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

रिटायर झाल्यावर ते कोशावर लिहायला लागले, पण त्यांचं लिखाण कुणी वाचत नव्हतं. लिहायचं आणि जतन करायचं. रुजवात घेणारा कुणी नाही. मग एक दिवस खाडीकाठ या नावाने त्यांची एक चूक दुरुस्त झाली. काकांनी आभार मानले. पलीकडून उत्तर आलं. पुढे रोजचंच झालं. काका संध्याकाळी लिहीत, खाडीकाठ ते जुन्या पुस्तकांशी ताडून बघत, आणि एखादी तारीख चुकली तर दुसऱ्या सकाळी निरोप असे. अशी पाच-सहा वर्षं. खरं नाव काय, वय काय, बाई की पुरुष, काही माहीत नाही. काकांनी कधी विचारलं नाही. नाव सांगायचं असतं तर त्यांनी सांगितलंच असतं, असं ते म्हणाले. इथलेच असावेत, एवढं मात्र त्यांना वाटे. उत्तनच्या बाजूला गेले की काका मिठागरांच्या बांधाशी थांबत, आणि कुणी कुणाला काही समजावून सांगत असलं तर कान देऊन ऐकत.

मग खाडीकाठने मिठागराच्या पानावर एक परिच्छेद घातला. मिठागरात राबणाऱ्या माणसांच्या पायांना भेगा पडतात. संध्याकाळी घरी आल्यावर ती माणसं दाराबाहेर बसून पाय धुतात आणि धुताना मुलांना जवळ येऊ देत नाहीत, असं त्यात होतं. हे कुठल्या पुस्तकातून घेतलं, ते दिलं नव्हतं. काकांनी नियमाप्रमाणे विचारलं. उत्तर आलं, "पुस्तक नाही. घरात पाहिलेले आहे."

"मग?" मी विचारलं.

"मग मी परिच्छेद काढला," काका म्हणाले. "आणि त्यांच्या पानावर ताकीद लावली. तुला लावली तशीच."

त्यानंतर खाडीकाठचा एकही शब्द कोशावर आला नाही. त्याला चार वर्षं झाली होती.

मी म्हटलं, की त्यांच्या पानावर सरळ चार ओळी लिहा ना, चुकलं म्हणून. काकांनी मान हलवली. तिथे शेवटची ओळ त्यांच्याच ताकिदीची होती. तिच्याखाली काही लिहायला हात उठत नव्हता. "तिथे लिहिलं की उत्तर मागितल्यासारखं होतं," ते म्हणाले. "सारांशात नाव आलं तर नुसती घंटा वाजते. एवढंच कळतं, की कुणीतरी आपलं नाव घेतलं."

कोशात अशी सोय आहे. सारांशात कुणी आपलं नाव घेतलं, की आपण कोश उघडल्यावर वरच्या कोपऱ्यातल्या घंटेवर लाल आकडा दिसतो. खाडीकाठने काकांचं नाव घेतलं की काकांना तो दिसायचा. म्हणून काका चार वर्षं मिठागराची वाक्यं इकडून तिकडे नेत होते. प्रत्येक वाक्यामागे एक घंटा.

"ते वाचत असणार," काका म्हणाले. "आणि उत्तर देत नाहीत. त्यांचं बरोबर आहे. मीच तसा वागलो." त्यांनी पेन उघडलं आणि बंद केलं, आणि मला ज्वारीच्या पानाकडे वळवलं.

पुढच्या आठवड्यात मी घरी बसून काकांचे बदल बघत होते, तर एका सारांशात माझं नाव दिसलं. हुरड्याचं एक वाक्य त्यांनी 'परभणी'च्या पानावर नेलं होतं आणि लिहिलं होतं, "मूळ लेखन : वैशाली जिंतूर." मला फार बरं वाटलं. माझ्या नावावर तोपर्यंत रेशनकार्ड आणि डिग्री याशिवाय काही नव्हतं. वडिलांना फोन करून सांगावं असं वाटलं. मग तारीख पाहिली. बदल तीन दिवसांपूर्वीचा होता, आणि मी कोश रोज उघडत होते. माझ्या घंटेवर आकडा आलाच नव्हता.

मी मदतीची पानं वाचली. घंटा वाजायला नाव दुहेरी चौकटी कंसात घालून त्याचा दुवा करावा लागतो. काका पानाचं नाव कंसात घालत, नियमच तसा आहे. माणसाचं नाव मात्र साधंच लिहीत. मी मागचे सगळे सारांश काढून बघितले. चार वर्षांत त्या नावाला एकदाही कंस नव्हता. खाडीकाठची घंटा एकदाही वाजली नव्हती.

आता हे सांगायचं कसं? चार वर्षं माणूस दार ठोठावतोय आणि आपण जाऊन सांगायचं, की काका, तुमचा हात दारापर्यंत पोचतच नव्हता. दोन दिवस मी वर गेले नाही, त्यातली एक ठरलेली दुपार होती. तिसऱ्या दिवशी काकू गेटवर मासळी घेताना भेटल्या. त्यांना बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं. त्या पिशवीतल्या बोंबलांकडे बघत राहिल्या.

"सांगून टाक," त्या म्हणाल्या. "रोज संध्याकाळी कॉम्प्युटरच्या त्या कोपऱ्याकडे बघत बसतात. बाहेर काही भानगड असती तर बरं झालं असतं गं. निदान पत्ता तरी असता."

मी त्याच दुपारी वर गेले आणि काकांना दाखवलं. आधी माझा न आलेला आकडा, मग मदतीचं पान. ते त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग एकेक सारांश उघडून बघायला लागले. 'खाडी', 'भाईंदर', 'ऊन', 'लोणचे'. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आमच्याकडे नाव कंसात टाकत नसत," काका शेवटी म्हणाले. "मूळ कागदावर नाव नीट लागलं नाही, शंका असली, तरच नकलेत कंस. माणसाच्या नावाला कंस घालणं बरं दिसत नाही, म्हणून मी..."

त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग माझ्याकडे वळले. "म्हणजे त्यांना एकदाही कळलं नाही?"

"नाही, काका."

"एकदाही नाही."

"नाही."

मला वाटलं, आता हा माणूस खचेल. काका खुर्चीत मागे टेकले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, आणि तो हातातच धरून म्हणाले, "म्हणजे मी बोलावलं आणि ते गप्प बसले, असं नाही."

मी म्हटलं, की रागावले होते की नाही, ते मला नाही सांगता येणार.

"ते नकोच सांगू. ते तुला कुठून कळणार. पण हे तरी झालं नाही ना." त्यांनी काकूंकडे पाहिलं. "ऐकलंस का? त्यांनी ऐकलंच नव्हतं."

"ऐकलं," काकू म्हणाल्या.

काकांनी चष्मा लावला. मिठागराच्या पानाच्या इतिहासात चार वर्षं मागे जाऊन त्यांनी स्वतः काढलेला तो परिच्छेद शोधला. मुख्य पानावर तो ठेवता येत नव्हता. पुस्तक नव्हतंच, आणि नियम काका मोडणार नव्हते. पण प्रत्येक पानाला एक चर्चेचं पान असतं. तिथे त्यांनी तो जसाच्या तसा उतरवला. पाय धुणारी माणसं, जवळ येऊ न दिलेली मुलं. अक्षर न् अक्षर मुळाशी ताडून पाहिलं; दोनदा मोठ्याने वाचलं आणि मला स्क्रीनवर बोट ठेवायला लावलं. मग सारांशाच्या चौकटीत आले आणि थांबले.

मी कंस कुठे आहेत ते कीबोर्डवर दाखवलं. काकांनी ते स्वतः दाबले, दोन उघडणारे, दोन बंद होणारे, आणि मध्ये नाव लिहिलं. पुढे लिहिलं, "यांचे मूळ लेखन. घरात पाहिलेले. काढले मी होते." थोडा वेळ ते तसंच राहू दिलं. मग "काढायला नको होते" एवढं जोडलं आणि जतन केलं.

आम्ही तिघंही उगाच कॉम्प्युटरकडे बघत राहिलो. काही झालं नाही. काही होणार नव्हतंच. आकडा दिसणार तो पलीकडे, दिसला तर. काकूंनी चहा ठेवला. खाली रियाझ कुणाला तरी मोटर बंद करायला सांगत होता.

काकांनी विचारलं, आता जर ते वर्षभराने आले, कोश उघडला, तर तो आकडा असेल का, की मधेच पुसला जातो?

"राहतो," मी म्हटलं. "बघेपर्यंत राहतो."

"हे तू कुठे वाचलंस?"

मी मदतीच्या पानावरची ती ओळ उघडून दाखवली. काकांनी ती वाचली, खाली सरकून पुन्हा वर आले आणि आणखी एकदा वाचली.

"मग ठीक आहे," ते म्हणाले.